भेदरूची लूट

जुने शहर, अकोला
संक्रांत होऊन आठवा दिवस

तीर्थस्वरूप शकुनताई यांना वर्षालीचा बसल्या जागेवरून नमस्कार. वाकून केला असता, पण मांडीवर तुमचा भाचा आत्ताच झोपला आहे, आणि त्याला झोपवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माणूस बाळापूरला जाऊन परत येतो. तुमचा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून फ्रीजमधलंच ताक पिणं चालू आहे? इकडे सगळे बरे. आईंची (तुमच्याच आई, लग्नाला सात वर्षं झाली, आता अर्ध्या माझ्याही) कंबर थंडीनं धरते, पण जीभ अजून कुठे धरलेली नाही. तुमचे भाऊ सकाळी चारला मळ्यातून भाजी आणायला जातात, नऊला दुकान लावतात आणि दुपारी ताटावर बसल्या बसल्या पेंगतात. थोरली श्रावणी पाच वर्षांची झाली. समोरचे दोन दात पडले, त्यामुळे ती आता जास्त बोलते.

पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. फोन तुम्ही उचलत नाही. घरच्या ग्रुपमधून निघून गेलात, तेही सकाळी सव्वासहाला, म्हणजे सगळ्यांना चहासोबत वाचता यावं. टपालवाल्याशी तुमचं काही वाकडं नाही, म्हणून पत्र. आणि आधीच सांगून ठेवते, हे काही गोड बोलून समजूत घालायचं पत्र नाही. दहा महिने तुम्ही रुसल्या आहात, अजून दहा रुसा, माझी ना नाही. विषय फक्त डब्याचा आहे.

तर डबा मिळाला. नत्थुजींनी (रोज अमरावतीहून एसटीनं अकोल्याला नोकरीवर येतात, ते) स्टँडवरून थेट घरी आणून दिला. दारात चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "शकुनबाईनं सांगतलं, कोणी पाठवला ते सांगू नका." इतकं बोलून त्यांचं त्यांनाच कळलं आणि चहा न घेताच निघाले. नत्थुजी आणि चहा न घेता, हे मी सात वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. डबा उघडला तर हलव्याचा मुकुट, हार, कडी, कंबरपट्टा आणि एक बासरी. इतका बारीक काटा आलेला हलवा बाजारात मिळत नाही ताई, तो चुलीपाशी तासन्‌तास बसल्याशिवाय येत नाही, एवढं मलाही कळतं. खाली काळं झबलं, चांदण्या काढलेलं. आणि चिठ्ठी, "बाळाच्या लुटीसाठी." बस. ना पाठवणाऱ्याचं नाव, ना बाळाचं. आईंना वाटलं, बाळाचं नाव तुम्ही कुठेतरी लिहिलंच असेल. त्यांनी झबलं उलटं करून पाहिलं, शिवण पाहिली, डब्याच्या बुडाचा कागद काढला, चष्मा पुसून परत पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "माहीच पोर हाय, जिद्दीची." ह्यात कौतुक किती आणि राग किती, ते तुम्ही ठरवा.

कारण बाळाचं नाव अजून ठेवलेलं नाही. तुम्हाला वाटत असेल की आम्ही मागून गुपचूप ठेवून टाकलं. नाही. आत्याचा मान आत्याचा, असं तुमच्या भावानं जाहीर केलं आहे. त्यामुळे जन्माच्या दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा, आणि लस टोचायला नेलं की नर्सबाई ओरडते, "शेखरचं बाळ!" तिथे तीन शेखर असतात. आई त्याला गोपाळ म्हणतात, शेजारच्या मैनाबाई राजा म्हणतात, तुमचे भाऊ साहेब म्हणतात, आणि हा पठ्ठ्या ह्यातल्या एकाकडेही मान वळवत नाही. तो फक्त श्रावणीनं ठेवलेल्या नावाला ओ देतो. भेदरू. (तुमच्या कॉलनीत आता टमाटर म्हणतात, पण आमच्या दुकानात अजून भेदरंच विकली जातात.) माझी दुपार दुकानावर जाते, बाळ मांडीवर असतं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "भेदरं कशी दिली?" की हा दोन्ही हात वर करून त्याच्याकडे झेपावतो. परवा एक म्हातारबुवा अर्धा किलो घ्यायला आले आणि ह्याला कडेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणलं. भेदरं न्यायची विसरले. मी हाक मारली तर म्हणाले, "जे घ्याचं होतं ते घेतलं नं बाई." तुम्हाला हसू येत असेल तर येऊ द्या, तिथे आम्ही कोणी पाहायला नाही.

आता लुटीचं ऐका. मी तुमच्या भावाला एवढंच सांगितलं की येताना बोरं आणा. किती ते सांगितलं नाही, ही माझी चूक. माणूस जन्मभर ठोकात माल उचलणारा, त्यानं आख्खा कट्टा आणला. चाळीस किलो. मी कपाळावर हात मारला तर म्हणतात कसे, "मी जिंदगीत पावशेर काही घेतलं नाही, मले तसं मागताच येत नाही." बरं, परत करा म्हटलं तर तो त्यांना अपमान वाटला. मग एवढ्या बोरांना पोरं कुठून आणायची? मी वीस लेकरांची यादी केली होती. श्रावणीनं ती यादी बाजूला ठेवली आणि आजीचं बोट धरून गल्लोगल्ली जाऊन सांगून आली, "आमच्या भेदरूची लूट हाय, पिशव्या घेऊन या." खालच्या मजल्यावर पुण्याची भाडेकरीण आली आहे. त्यांच्याकडे ह्याला बोरन्हाण म्हणतात. लूट आहे, पिशव्या आणा, एवढंच ऐकून तिनं दाराला आतून कडी लावली. आईंनी जाऊन समजावलं तेव्हा उघडली, आणि मग बिचारीनं स्वतःच्या हातानं दोन ताटं भरून तिळाच्या रेवड्या करून आणल्या. माणसं चांगली असतात ताई, कडी काढेपर्यंत थांबावं लागतं.

पंचावन्न लेकरं आली. मी मोजायचं तिथेच सोडलं. गच्चीवर सतरंजी टाकली, पाट मांडला, बोरं, मुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या सगळं घमेल्यात एकत्र केलं. (घमेलं धुतलं होतं. दोनदा.) मग बाळाला तुमचं झबलं घालायला घेतलं. ते डोक्यातून उतरेना. एक हात कसाबसा घातला तर बाही कोपराशी अडकली. मला आधी हसू आलं, खरं सांगते. म्हटलं, ताईंचं माप चुकलं, आता आयुष्यभर चिडवायला झालं. पण आईंनी झबलं हातात घेऊन बोटांनी मोजलं आणि म्हणाल्या, "शकुननं त्याले बारा दिवसांचा पायला. तवापासून अंदाजानंच मोठा करून राहिली असन ती त्याले." मग कोणी हसलं नाही. तुमचे भाऊ खाली जाऊन मुरमुऱ्यांची पिशवी शोधू लागले, ती त्यांच्या हातातच होती. ते झबलं शेवटी आम्ही बाळाच्या खांद्यावर उपरण्यासारखं टाकलं. फोटोत फार रुबाबदार दिसतो.

लूट कशी झाली विचारू नका. पहिलं बोर डोक्यावर पडल्यावर साहेबांनी भोकाड पसरलं, दुसऱ्याला थांबून विचार केला, तिसरं उचलून तोंडात घातलं. मी बोटानं ते काढेपर्यंत चार दातांनी माझं बोट धरलं. मग त्यानं बासरी धरली. ती वाजवायची असते हे त्याला कोण सांगणार? अर्धी खाल्ली, अर्धी पुण्याच्या बाईंच्या लेकीला दिली. तेवढ्यात पंचावन्न लेकरं एकदम पाटावर तुटून पडली, आणि तुमचे भाऊ, जे नुसते बघायला उभे होते, ते खाली बसून स्वतःच्याच कट्ट्यातली बोरं खिशात भरायला लागले. आई म्हणाल्या, हा दर लुटीत असाच करायचा.

आणि मग ते झालं. मैनाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आज दिवस चांगला हाय, लेकरू नटलेलं हाय, मीच देते एक नाव कानात." आणि वाकल्याच. श्रावणी गच्चीच्या त्या टोकाला होती. ती सगळ्या पोरांना तुडवत आली, मैनाबाईंच्या तोंडावर हात ठेवला आणि बाळाच्या कानात असं "भेदरू!" ओरडली की बाळ दचकलं, मैनाबाईंचा चष्मा पडला आणि खालच्या गल्लीतून भाजीवाल्यानं विचारलं, "किती पाह्यजे?" मी तिला सगळ्यांसमोर धपाटा घातला. कारण बारशालाही तिनं हेच केलं होतं. तुम्ही त्या वेळी स्वयंपाकघरात घुगऱ्यांत मीठ बघत होता, म्हणून तुम्हाला माहीत नाही. बाहेर मुहूर्त टळत चालला होता, मैनाबाईच म्हणाल्या, आता कोणीही घ्या नाव, आणि त्या पुढे सरकल्या तशी ही पोरगी पाळण्यावर चढून ओरडली. बायकांनी सवयीनं तिच्याच पाठीत बुक्के मारले. सगळे हसत होते, आणि नेमक्या तेव्हा तुम्ही पदराला हात पुसत बाहेर आलात. तुम्हाला वाटलं, आत्याला आत ठेवून बाहेर नावाची थट्टा झाली. तुम्ही पिशवी उचलली आणि पाचच्या गाडीनं गेलात. लुटीच्या धपाट्यानंतर श्रावणी रडली, पण काहून ओरडली ते काही केल्या सांगेना. हट्टी आहे. कोणावर गेली ते मी लिहीत नाही, आईंनी वर सांगितलंच आहे.

असो. तर विषय डब्याचा. आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि त्यात काय घालावं ह्यावर घरात तीन दिवस वाद चालू आहे. तुमचे भाऊ म्हणतात बोरं घाल (अजून अकरा किलो आहेत). आई म्हणतात तिळाची पोळी. तुम्हीच कळवा, म्हणजे नत्थुजींबरोबर पाठवते. भाऊजींना नमस्कार. ताक बंद करायला सांगा.

तुमची (तुम्ही मानत असाल तर) भावजय,
वर्षाली

ता. क. एक. "कोणीही घ्या नाव" असं मैनाबाई म्हणाल्या, असं मी वर लिहिलं. ते मैनाबाई नाही म्हणाल्या. मी म्हणाले. बारा दिवसांची बाळंतीण होते, पाठ फुटायला आली होती, बसवत नव्हतं. पण तुम्हाला हाक मारायला एक क्षणही लागला नसता, आणि ती मी मारली नाही. दहा महिने मैनाबाईंच्या नावावर खपवलं. चुकले, ताई.

ता. क. दोन. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात श्रावणी येऊन टेकली. कोणाले लिहून राहिली, म्हणे. आत्याला, म्हटलं. तर म्हणे, "मंग लिही, मी कोणालेच नाई सांगतलं." काय नाही सांगितलं? "बाळाचं नाव." मग हळूहळू निघालं. बारशाच्या सकाळी तिची वेणी घालताना तुम्ही तिच्या कानात नाव सांगितलं होतं ना? आणि मी घेईपर्यंत कोणाले सांगू नोको, असंही? मी विचारलं, मग भेदरू काहून ओरडली वं? तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मलाच काही कळत नाही, आणि म्हणाली, "मैनाबाई दुसरंच नाव ठेवत होत्या. मंग आत्याच्या नावाले जागा कुठं उरली असती?" ताई, मी तिला धपाटा घातला होता. मला रडू आलं, लपवत नाही. आता ती माझ्या लिहित्या हाताला बिलगून बसली आहे, म्हणून अक्षर असं. नाव काय ते आम्ही तिला विचारलं नाही. (विचारलं. आईंनी रेवडी दाखवून विचारलं, तुमच्या भावानं खांद्यावर बसवून विचारलं. सांगत नाही.)

ता. क. तीन. डबा पाठवत नाही. रथसप्तमीला स्वतः येऊन घेऊन जा. येताना काळं कापड आणा, माप इथे आहे. श्रावणी म्हणते, आत्याले लिही की लवकर ये, मी रोज आंघोळीच्या वेळी मनातल्या मनात एकदा नाव म्हणून घेते, पण मी लहान हाय नं, विसरून जाईन.