मेलेलं उचलण्याचा नियम

१५ सप्टेंबर २००८
आज खराडीच्या ऑफिसात रुजू झालो. बिबवेवाडीहून गाडीवर आलो, छान ऊन पडलं होतं. इमारत नवी, काचेची. मागची बाजू अजून अर्धवट. चौथ्या मजल्यावर आमची लॅब. आनंद झाला. लिहायला संकोच वाटतो, पण झाला. समाधानदादाचंच टेबल मिळालं. मुंग्यांसारखी वागणारी ही यंत्रं त्यानेच केली. तळहाताएवढी, शेकडो. त्यांना कुणी हुकूम देत नाही. शेजारचं काय करतंय ते पाहून प्रत्येक यंत्र वागतं आणि सगळ्यांचं मिळून काम होतं.
आईला सांगून आलोय, कंपनीच्या अहवालातलं ते वाक्य खोडून घेईन: 'समाधान यांनी यंत्रे बंद करण्याचे बटण वेळेवर दाबले नाही व निष्काळजीपणाने लिफ्टच्या जागेत पडले.' गेल्या खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, दादा गेला. दादा निष्काळजी नव्हता. झोपताना गॅस बंद आहे का ते दोनदा बघायचा.

२२ सप्टेंबर
अक्षता दादाबरोबर काम करायची, ती सगळं समजावते. मुंग्या वासावर चालतात, म्हणून दादाने यंत्रांना कापराचा वास ओळखायला शिकवलं. मंडईत कुठेही मिळतो. बिघडलेल्या यंत्राला कापूर चोळायचा. बाकीची त्याला मेलेलं समजतात, ओढत नेतात आणि लिफ्टच्या रिकाम्या जागेत टाकतात. लिफ्ट अजून बसलेलीच नाही. तळाशी भंगाराची पेटी ठेवली आहे.
खऱ्या मुंग्याही असंच करतात. जिवंत मुंगीला मेलेलीचा वास लावला तर तिलाही नेतात, ती पाय झाडत असली तरी. अक्षता म्हणाली, मुंग्या निदान उचलायला तरी येतात, आपल्या एचआरने हार पाठवला, तोही कुरिअरने.
दादाने तिथे जाळी मागितली होती. सर, म्हणजे आमचे लॅबप्रमुख, म्हणाले होते, आधी डेमो होऊ दे. जाळी आजही नाही.

१ ऑक्टोबर
सरांकडे वाक्याचा विषय काढला. म्हणाले, नोकरी दिली ना, आता काय भावाचा पुतळा उभारू? जिन्यात जाऊन भिंतीवर मूठ मारली.
गेल्या वर्षी काय झालं ते अक्षताकडून कळलं. पाहुण्यांसमोर यंत्रं चालू ठेवून आरती करायची, असा सरांचा हट्ट. दादा म्हणाला, इथे कापूर नको. सर म्हणाले, अहो शास्त्रज्ञ, देवालाही आता तुमची परवानगी लागणार का? आणि आरतीचं ताट त्याच्याच हातात दिलं. मग सगळे जेवायला गेले. तो कापराच्या हातांनी यंत्रं आवरायला एकटा मागे राहिला.
एवढं साधं. आणि कंपनीला ते दिसलं नाही!

७ ऑक्टोबर
उद्या खंडेनवमी, पुन्हा तेच. पाहुणे, चालू यंत्रं, आरती. ताट मी धरायचं. तिथीने उद्याच दादाचं वर्षश्राद्ध, म्हणून रजा मागितली. सर म्हणाले, श्राद्ध संध्याकाळी कर. संध्याकाळी!
पूजेनंतर वाक्याचं बघू, असंही म्हणाले. म्हणून जाणार. अक्षताने रजा टाकली आहे. मलाही जाऊ नकोस म्हणाली.

८ ऑक्टोबर, दुपार
आरती झाली. ताट मीच धरलं. सगळे वर जेवायला गेलेत. बटण माझ्या हातात आहे, आता यंत्रं बंद करून—

सर परत आले. फोन विसरले म्हणून. कापराच्या वड्या त्यांनी स्वतःच्या हाताने चुरल्या होत्या, चुरा बुटांवरही सांडला होता. एक यंत्र बुटाला चिकटलं. ते हसले. मग आणखी. मग सगळीच—

सर पडले. लिफ्टच्या जागेकडे यंत्रं त्यांना ओढताहेत. वर आवाज जात नाही.

मी म्हणालो, आधी वाक्य खोडा. दादाची चूक नव्हती असं म्हणा. मग दाबतो.

म्हणाले, बटण चालत नाही रे, तेव्हाही चालत नव्हतं, मला माहीत होतं, तू मला ओढ—

दाबलं.

थांबत नाहीत. पुन्हा दाबलं. नाही—

ओढायला गेलो. हात सुटला. ते आता दिसत नाहीत. खालून आवाज आला.

यंत्रं वळली. माझ्या हातांना ताटातला कापूर—

दार त्यांच्या पलीकडे—

आई, दादाने बटण दाबलं होतं. त्याने वेळेवर दा