सातवा नियम

३ मार्च, सोमवार

भाऊजींचा फोन. ताईला हॉस्पिटलमधून घरी आणलं. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं की बरं वाटतंय का, असं मी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडा. फार तर दहा दिवस.

मग ताई स्वतः बोलली. "कवळी सैल झालीय रे. बोलताना खाली येते. मला बोळक्या तोंडाने मरायचं नाही. नवी करून आण."

"आणतो," म्हटलं. दुसरं काय म्हणणार! सरहद्दीच्या पलीकडे दीड दिवसाच्या वाटेवर माझी एकुलती एक बहीण, आणि मी इकडे लोकांचे दात करत बसलोय.

तिच्या तोंडाचा साचा आहे माझ्याकडे, पण सहा वर्षांपूर्वीचा. हिरड्या आक्रसल्या असणार. आतून थोडी जाड ठेवतो. तिथे गेल्यावर घासून बसवावी लागेल. ते काम पोस्टाने होत नाही, दुसऱ्या कोणाकडूनही होत नाही.

बसने जाता येईल. पण बसवाले आधी अर्ज भरून घेतात. नाव, बापाचं नाव, जाण्याचं कारण, कोणाकडे उतरणार. त्या अर्जाविरुद्ध पत्रक काढणारा मीच. तो अर्ज मी कसा भरू?

गुरुवारी मंडळाची गाडी तिकडेच निघतेय, संमेलनाला; शुक्रवारी सरहद्द. तीच बरी.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर कवळी. मेणात दात लावले. तिचा वरचा एक दात किंचित वाकडा होता, तसाच वाकडा लावला. अगदी सरळ दात लावले तर ती म्हणेल, हे तोंड कोणाचं?

५ मार्च, बुधवार

कवळी साच्यात घालून उकळत्या पाण्यात शिजवली, घासली, पॉलिश केली. पाण्याच्या डबीत ठेवलीय. झाली छान. माझंच काम, पण छान!

संध्याकाळी मंडळ माझ्या कारखान्यात. मंडळ म्हणजे आम्ही चौघं. नोंदणी नाही, नोंदणी करायची नाही हा आमचा पहिला नियम. वकील, ज्याने कायद्याची परीक्षा दोनदा दिली आणि दोन्ही वेळा नापास झाला, म्हणून वकील. गाडी त्याची. मास्तर, निवृत्त, गणिताचे. मधवाली, जिच्या मधमाश्यांच्या पेट्या परवाना नाही म्हणून जप्त झाल्या आणि जप्तीच्या गोदामात माश्या मेल्या. आणि मी.

माझं कारण जुनं आहे. वडिलांच्या दुकानाला सील लागलं होतं. हेच दुकान, दातांचंच. एक सही कमी होती. ती सही यायला पाच महिने लागले. तेवढे दिवस वडील बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे, गिऱ्हाईक आलं की उठून माफी मागायचे. मी तेव्हा अकरा वर्षांचा. ते उठणं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत.

पुस्तिकेचं प्रूफ तपासायचं होतं. "चौकीवर गप्प कसं राहावं", बारा नियम, लेखक अस्मादिक. सगळे गेल्यावर ताईला फोन करून सातवा वाचून दाखवला. "अधिकारी तुम्हाला एकमेकांपासून फोडण्याचा प्रयत्न करेल. तुमच्यापैकी अमुक नावाचा कोण, असं विचारेल. कोणीही हात वर करायचा नाही."

ती हसली, मग खोकली. मग म्हणाली, "आणि नाव न विचारता दुसरंच काही विचारलं तर?"

"वा! ताई, तू नोकरी चुकीच्या बाजूला केलीस!"

तीस वर्षं नोंदणी कचेरीत होती ती. शिक्के मारणाऱ्यांतली. वडिलांच्या सहीसाठी हेलपाटे घालता घालता तिथेच चिकटली. "एक तरी माणूस आत आपला असावा," म्हणायची. यावरून आमची इतकी भांडणं झाली की बोलायची सोय नाही. आवाज माझा चढायचा, तिचा नाही. "सुंभ जळेल पण तुझा पीळ काही जायचा नाही," एवढंच म्हणायची.

फोन ठेवताना तिने विचारलं, "चौकीवर किती वाजता पोचाल?" म्हटलं, शुक्रवारी अकरापर्यंत.

नियमात लगेच भर घातली: "नाव, गाव, धंदा, नातं — काहीही विचारलं तरी." हे तिला कळवायचं राहिलं.

६ मार्च, गुरुवार

पहाटे निघालो. गाडीत पुस्तिकांचे सहा गठ्ठे, मधवालीच्या मधाच्या बरण्या, मास्तरांची उशी. डबी माझ्या मांडीवर. वकील गाडी चालवतो की भाषण करतो, कळत नाही. दोन्हींना ब्रेक नाही.

मास्तर म्हणाले, "रस्ता कोणी बांधावा?" आणि चार तास गेले.

ताई आजारी आहे हे सगळ्यांना माहीत आहे. किती, ते सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, तू वेगळा जा, बसने जा. आणि मला बस नको होती. मधवालीने मात्र ओळखलं. चहाला थांबलो तेव्हा डबीकडे बघून म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" मी डबी रुमालात गुंडाळली.

सरहद्दीच्या अलीकडे लॉजवर मुक्काम. भाऊजींना फोन. ताई झोपली होती. दिवसभरात चार वाक्यं बोलली म्हणे, तोंडावर रुमाल धरून.

७ मार्च, शुक्रवार

परत त्याच लॉजवर. सगळं जसंच्या तसं लिहितो.

अकराला दहा कमी असताना चौकी. खिडकीत एक मिशाळ. ओळखपत्रं दिली, तेवढी देतो आम्ही. "कुठे चाललात?" वकिलाने आमचं ठरलेलं उत्तर छापलेलं कार्ड काढून वाचलं, "उत्तर देणं आमच्यावर बंधनकारक नाही. तुम्ही आम्हाला अडवलंय, की आम्ही जाऊ शकतो?"

मिशाळ म्हणाला, "अडवलेलं नाही. जाऊही शकत नाही."

"मग याला काय म्हणायचं?"

"थांबणं."

ओळखपत्रं घेऊन तो आत गेला. आम्हाला एका खोलीत नेलं. हिरवा बाक, दहा मिनिटं मागे पडलेलं घड्याळ, पाण्याची टाकी आणि साखळीने बांधलेला स्टीलचा पेला. मास्तर खूश! "बघा, पेल्यालासुद्धा बेडी!" समोर एक म्हातारी जमिनीवर बसून आपली पिशवी पुन्हा भरत होती. चादरी, औषधं, सगळं उपसून टाकलं होतं तिचं. भरताना ती मिशाळाची माफी मागत होती. माझं डोकं फिरलं. आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही, तिथेच ठरवलं.

सामान तपासलं. मध हुंगला. पुस्तिका चाळली. मग डबी. उघडून मिशाळ दचकला, मग हसला. "हे कोणाचं?"

आम्ही गप्प.

"च्यायला, दातसुद्धा निनावी!"

डबी तशीच टेबलावर ठेवून गेला. झाकण बाजूला, पाणी अर्धं सांडलेलं. कवळी कोरडी पडली की आकार बिघडतो. झाकण लाव रे बाबा, एवढंच मला म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. नाही म्हटलं.

पाऊण वाजता दुसरी अधिकारी आली. चष्मा, हातात कागदाची चिठ्ठी. चौघांवरून नजर फिरवली.

"तुमच्यापैकी कवळ्या कोण करतं?"

मला काय वाटलं ते खरं लिहितो. अभिमान वाटला! नाव नाही, धंदा! डबीवरून माग काढला, एकाला फोडायला बघतायत, अगदी मी लिहिलं तसंच. अक्षर न अक्षर खरं ठरत होतं. मास्तरांनी माझा हात दाबला. मी फरशी बघत राहिलो.

"ऐका, मी नाव विचारत नाहीये," ती म्हणाली. "कवळ्या कोण करतं, तेवढंच सांगा."

मधवाली कानाशी कुजबुजली, "सांगून टाक ना." मी मान हलवली.

ती पुन्हा आली तेव्हा दोनला पाच कमी होते. दारातच थांबली. आवाज उतरला होता. "ज्याचं असेल त्याने आत्ता बोलावं. नंतर माझ्या हातात काही नाही."

कोणी बोललं नाही. एका माणसाला विचारलं असतं, तर कदाचित बोललो असतो. पण चौघं होतो. आणि नियम माझा होता.

चारला निकाल. माहिती देण्यास नकार, चौघांनाही तीस दिवस प्रवेशबंदी. ओळखपत्रांबरोबर एकेक शिक्क्याचा कागद. सामान परत मिळालं. डबीला झाकण लागलेलं होतं. आत पाणी, काठोकाठ, स्वच्छ. कोणी घातलं कोण जाणे.

गाडीत वकील आणि मास्तर आनंदात. वकिलाने सगळं शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात टिपलंय. "पाच तास! एक शब्द नाही!" मधवाली खिडकीतून बाहेर बघत होती. मी म्हटलं, गाडी थांबव. उतरलो, रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, पुन्हा बसलो.

८ मार्च, शनिवार

सकाळीच बस कचेरी. अर्ज मागितला. नाव लिहिलं. बापाचं नाव लिहिलं. जाण्याचं कारण: बहीण मरणाच्या दारात. कोणाकडे उतरणार: बहिणीकडे. एक रकाना सोडला नाही. सही केली, ठळक.

कारकुनाने ओळखपत्राचा नंबर तपासला. "तुम्हाला बंदी आहे. कालपासून."

"अहो, बहीण—"

"हे काल चौकीवर सांगायचं होतंत."

उद्धटपणे नाही म्हणाला. सहज म्हणाला. मी त्याची माफी मागून बाहेर आलो. पायरीपाशी आल्यावर लक्षात आलं, की मी माफी मागितली.

९ मार्च, रविवार

ताई गेली. सकाळी सव्वासहाला.

११ मार्च, मंगळवार

घरी. भाऊजींना फोन केला. भला माणूस, एका शब्दाने दोष दिला नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत ताई उशाला टेकून बसली होती म्हणे. केस विंचरून घेतले. सारखी वेळ विचारत होती. पाचनंतर विचारायची थांबली.

वकिलाचा व्हिडिओ बावीस हजार लोकांनी पाहिला. खाली कोणीतरी लिहिलंय, "तो डावीकडचा, मान खाली घातलेला, तो खरा वाघ!"

डावीकडचा मी.

१९ मार्च, बुधवार

मास्तर भेटायला आले. तत्त्वाची किंमत वगैरे बोलले. माझ्या मनात राग आहे, पण कोणावर काढू? नियम माझा, तोंड माझं. आपलेच दात, आपलेच ओठ.

वडिलांच्या वेळी तरी सही दुसऱ्या कोणाची अडली होती. या वेळी माझीच.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची म्हणतायत. मी म्हटलं, माझं नाव काढा. मास्तर म्हणाले, "नाव तर आधीपासूनच नाही!" खरंच की. निनावीच छापली होती.

२ एप्रिल, बुधवार

डबीतलं पाणी रोज बदलतो. उगाच.

८ एप्रिल, मंगळवार

बसने गेलो. एकटाच. चौकीवर तीच चष्मेवाली. कुठे, का, कोणाकडे, सगळं सांगितलं. बहिणीचं घर, भाऊजींना भेटायला. तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही त्या गप्प बसणाऱ्या चौघांपैकी ना?"

हो म्हटलं.

ती म्हणाली, "त्या दिवशी पलीकडून एका बाईंचा फोन आला होता. आवाज अगदी गेलेला. कचेरीत होत्या म्हणे कुठल्याशा, नंबर बरोबर शोधून काढला त्यांनी. म्हणाल्या, माझा भाऊ येतोय, त्याला तेवढा पुढे सोडा, माझ्याकडे वेळ नाही. नाव विचारू नका, सांगणार नाही, तसा नियमच आहे त्याचा. कवळ्या कोण करतं, असं विचारा. कामाचं विचारलं की तो बोलल्याशिवाय राहायचा नाही." मग कागदावर शिक्का मारत म्हणाली, "साहेबांची परवानगी काढली होती मी. एकाच माणसाची. दोनच्या बसमध्ये जागा धरली, ड्रायव्हरला दहा मिनिटं थांबवून ठेवलं. कोण होते हो ते तुमच्यातले?"

खोलीत आम्ही दोघंच. मी हात वर केला.