हू लावून एक वाक्य

अण्णा, माझा तुमच्यावर संशय होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना उगाच गोड बोलायला नको. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं नाव निघालं की मला आधी तुमचा चेहरा आठवत नाही, एक प्रश्न आठवतो. आई म्हणायची, ही पोरगी घरचं दूधसुद्धा वास घेतल्याशिवाय पिणार नाही. खोटं नाही ते. आता मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे आणि मुलांची शिफारसपत्रं माझ्या टेबलावरून जातात. सगळी इंग्रजीत आणि सगळ्यांचा साचा एकच: हा असा विद्यार्थी आहे जो कष्टाळू आहे, ही अशी मुलगी आहे जी प्रामाणिक आहे. त्या 'जो'चा इंग्रजी 'हू' दिसला की माझा हात थांबतो. हे कोणी पाहिलं, कधी पाहिलं, आणि लिहिणाऱ्याला काय झाकायचंय, असं मनात येतंच. ही सवय मला तुमच्या चार वाजताच्या चहाला लागली.

बुवापाड्यातली आपली खोली. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की अर्ध्या तासात तुम्ही घरी येता, हातपाय धुता आणि पाटावर बसता. आई स्टोला पंप मारत असते. तुम्ही कंपनीच्या टाइम ऑफिसात, म्हणजे कोण किती वाजता आला, कुणाला लेटमार्क, हे सगळं तुमच्या हातात. आपल्या घरात टेबलखुर्चीवर बसून काम करणारे तुम्ही पहिलेच, आणि ती खुर्ची इंग्रजीनं दिली असं तुमचं पक्कं मत. मी आठवीत. तुम्ही बशीत चहा ओतता आणि म्हणता, "हं, आज कोण?" मग मी चाळीतला एक माणूस निवडायचा आणि हू लावून त्याचं एक वाक्य करायचं. पहिल्यांदा मी म्हटलं होतं, हू मॅन कम्स लेट, दॅट मॅन गेट्स लेटमार्क. तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. "अगं, हे मराठीच आहे, नुसती पँट घातलीय त्याला! आपल्यात 'जो' आला की मागून 'तो' यावाच लागतो. इंग्रजीत हू एकटा पुरतो. आधी माणूस, मग हू, मग त्याचा गुण."

तुमचे दोन नियम होते. पहिला, कपडे सांगायचे नाहीत. निळ्या शर्टाचा माणूस म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "शर्ट उद्या बदलेल. गुण सांग." दुसरा नियम दूधवाल्यापासून लागला. ही इज अ मॅन हू मिक्सेस वॉटर, असं मी म्हटलं, तर तुम्ही विचारलंत, "तू पाहिलंस?" मी म्हटलं, सगळेच म्हणतात. "सगळे म्हणतात त्याला हू लावायचा नाही. डोळ्यांनी पाहिलं असेल तरच लावायचा." आईनं तांदूळ निवडता निवडता टोमणा मारला, "मग तुमच्या साहेबांची सर्टिफिकिटं कोरीच राहतील की." तेव्हा मला त्यातलं एवढंच कळलं, की "पाहिलंस?" ला "हो" म्हटलं की वाक्य पास होतं.

मग एके दिवशी पलीकडच्या काकांची पाळी आली. ते तुमच्याच कंपनीत मेंटेनन्सला होते, आणि घरी ओट्यावर बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. मी म्हटलं, हू रिपेअर्स रेडिओज. तुम्ही म्हणालात, "तो धंदा झाला. गुण सांग." मी म्हटलं, हू इज काइंड. "पुस्तकातला सगळ्यांना चालणारा गुण नको. त्यांचाच असा सांग." चहा संपत आला होता. मला काही सुचेना आणि हरायचंही नव्हतं. काकांच्या ओट्यावर नेहमी वायरची भेंडोळी पडलेली असायची, तेवढंच डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, ही इज अ मॅन हू टेक्स वायर फ्रॉम द कंपनी. व्याकरण अगदी बरोबर. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "पाहिलंस?" आणि मी म्हटलं, "हो." अण्णा, मी काहीही पाहिलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात, मग म्हणालात, "असं बोलू नये," आणि उठून बाहेर गेलात. वाक्य बरोबर की चूक, ते सांगितलंच नाहीत.

तीनेक आठवड्यांनी काकांना गेटवर अडवलं. तपासणी एरवीही व्हायची, पण त्या दिवशी रांगेतून फक्त त्यांचीच पिशवी उघडली. पिशवीत डबा आणि वायरचं एक भेंडोळं. काका सांगत होते, ही उल्हासनगरहून आणलीय, संध्याकाळी एकाचा रेडिओ द्यायचाय. बिल? बिल आणायला काकू धावत गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "अरे बहनजी, दो मीटर वायर का कौन बिल बनाता है?" चौकशी लागली, काका घरी बसले आणि चौकशीचा निकाल लागण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. जिन्यावरून त्यांचा संसार उतरत होता तेव्हा मी दाराआड उभी होते. बदलापूरजवळ चामटोलीला काकूंचं माहेर, तिकडे गेले ते. आपल्या दारावरून जाताना काकूंनी आईला नुसता हात केला.

संशय तिथून सुरू झाला. वाक्य मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं आणि कंपनीत रोज जाणारे तुम्हीच होता. मग एकेक गोष्ट माझ्या नजरेत भरायला लागली. काकांना अडवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चहाला मी विचारलं, आज कोण? तर तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "आता माणसं बस झाली. वस्तूंची वाक्यं कर. हू बंद, विच घे." त्यानंतर आपल्या घरात फक्त टेबल विच, सायकल विच, स्टो विच. त्याच महिन्यात तुमची गोडाऊनला बदली झाली. तुम्ही घरी सांगितलंत, "स्वतंत्र टेबल मिळालंय, पंखा आहे डोक्यावर." मी मनाशी म्हटलं, अच्छा. आणि मग तुम्ही मला तो जाडा शब्दकोश आणून दिलात, ना वाढदिवस, ना परीक्षेचा निकाल. आईला आनंद झाला. मला तो बक्षीस वाटला, आणि कशाचं बक्षीस, तेही मला माहीत होतं. त्याला मी सहा महिने हात लावला नाही. तुम्हाला वाटलं, पोरीला अभ्यासाचा कंटाळा आलाय.

तुम्ही असेपर्यंत मी विचारलं नाही. कॉलेजात गेले, नोकरी लागली, तुमचं दुखणं काढलं, दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले, तरी नाही. तुमच्याशी चांगलं वागले, पण पूर्ण मोकळी कधी झाले नाही, आणि तुम्हाला ते कळत होतं असं आता वाटतं. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही बदलापूरला राहायला आलो. इस्त्री बिघडली म्हणून एका टपरीवजा दुकानात गेले, तर आत काका. केस पांढरे, डोळ्याला भिंग. मी मागे फिरणार होते, पण त्यांनी ओळखलं. "अगं, तू टाइम ऑफिसवाल्यांची ना? बस बस. चाय बोलतो." तुम्ही गेल्याचं सांगितलं तर त्यांनी भिंग काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "सगळ्या कंपनीत एकच माणूस निघाला बघ. स्वतःच्या सहीनं लिहून दिलं साहेबाला. मला कुठली इंग्लिश, पण तेवढं पाठ झालंय. ही इज ए मॅन हू हॅज नेव्हर टेकन एनीथिंग. साहेब भडकला ना. बोलला, टाइम ऑफिसच्या माणसानं यात पडायचं नाही. त्याच्यावरच तर गोडाऊनला टाकला त्यांना. घरी नाय बोलले काय?"

नाही बोललात. इस्त्री घेऊन घरी येताना कुणालाही आधी रडू आलं असतं. मला आधी काय सुचलं, तर खाई त्याला खवखवे. म्हटलं, आधी सांगितलं असेल, मग मन खाऊ लागलं म्हणून हे लिहून दिलं असेल. वर्षानुवर्षं जपलेला संशय असा एका चहावर सुटत नाही. पण नंतर त्या वाक्याचा हिशेब लागेना. तुमची मुलगी तुम्हाला म्हणाली होती, मी पाहिलं. तरी तुम्ही लिहिलंत, याने कधीही काही घेतलेलं नाही. म्हणजे मी खोटं बोलले हे तुम्ही त्याच दिवशी ओळखलं होतंत. ओळखलंत, मला एका शब्दानं बोलला नाहीत, आणि पंख्याखालच्या टेबलाची बढाई मारत राहिलात. अण्णा, माझं चुकलं. फार चुकलं.

आणि अजून एक राहिलंय, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. वाक्य मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, असं वर लिहिलंय. ते खरं नाही. त्याच आठवड्यात शाळेत बाईंनी विचारलं, शेजाऱ्याबद्दल हू लावून एक वाक्य सांगा. कुणाचा हात वर जाईना. माझ्याकडे वाक्य तयार होतं. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं, "व्हेरी गुड" म्हणाल्या आणि हसत विचारलं, "कोण गं हा?" मी काकांचं नाव सांगितलं. माझ्या शेजारी, त्याच बाकावर, तुमच्या कंपनीच्या गेटवरच्या सिक्युरिटी साहेबांची मुलगी बसायची. तिनं हळूच विचारलं, "खरंच नेतात?" मी म्हटलं, "हो, मी पाहिलंय." हे मी विसरले नव्हते. एक दिवसही विसरले नव्हते. तुमच्यावर संशय घेत राहिले की तिकडे बघावं लागत नव्हतं.

तुम्हाला हे पत्र पोचायचं नाही, ते बरंच आहे. पण काका आहेत अजून. थकलेत, दुकान मुलाकडे दिलंय, तरी सकाळी येऊन बसतात. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं. मागच्या महिन्यात मिक्सर घेऊन गेले होते, तर शेजारच्या गिऱ्हाइकाला कौतुकानं म्हणाले, "लई चांगल्या माणसाची पोरगी आहे ही." मी मान हलवली, मिक्सर घेतला आणि घरी आले. हे पत्र मराठीत आहे, आणि त्यांना मराठी वाचता येतं. तरी मी ते त्यांना देणार नाही.