ऐंशीच्या वर गेलं की

५ जानेवारी, रविवार

आज पुन्हा तेच! अंकलेश्वरहून घरी येताना कीम गाव सोडलं, काटा ऐंशीवर गेला, ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला — आणि गाडीने दम सोडला. बंद पडली नाही. नुसती अडखळली, पुढे जाऊ की नको करत. मागून बसवाला हॉर्नवर हॉर्न. पाय सैल केला, डाव्या बाजूला घेतली, की लगेच सुतासारखी सरळ! कामरेज येईपर्यंत मग डावी बाजू सोडली नाही.

शेजारी हे. "गाडीले काय धाड भरनी? तुनाच पाय थरथरस!"

मागे एकदा यांच्या हातून अपघात झाला, तेव्हापासून हे स्वतः हायवेवर स्टिअरिंगला हात लावत नाहीत. लिंबायतचं घर ते यांचा लूमचा, यंत्रमागांचा कारखाना, तेवढीच यांची धाव. तेवढ्यात गाडीची तक्रार नाही, म्हणून तक्रार माझ्या पायाची.

लेकीच्या, मयुरीच्या डोहाळजेवणाला अंकलेश्वरला गेलो होतो. जातानाही असंच झालं होतं, आणि यांनी ते भर पंगतीत सांगितलं. "हिच्या हातात इंजिनसुद्धा घाबरतं!" सगळे हसले. मीही हसले. मयुरी ताट उचलून आत गेली. विहीणबाई, वत्सलाबाई, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "उज्ज्वलाताई, गाडी भरवशाची झाली की पोरीला न्या. मधेच रस्त्यात काही झालं तर?"

चूक काय त्यांची? मीही हेच म्हटलं असतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं. माझी एकुलती एक लेक. खोली चुन्याने रंगवून घेतलीय, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून झालीत. आणि मी गाडीसाठी अडून बसू?

७ जानेवारी, मंगळवार

सचिन गावातल्या कापड कारखान्यातून, कामावरून येताना गाडी आनंदा मेकॅनिककडे टाकली. हा आनंदा अमळनेरकडचा, यांच्या ओळखीचा. मी सगळं नीट सांगितलं — ऐंशीच्या वर, पाय जोरात दाबला की, एसी असला की जास्त. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैनी, भाऊला पाठवा ना जरा. काय होतंय ते विचारतो."

गाडी मी चालवते, होतं मला, आणि विचारणार भाऊला! असा राग आला. पण गाडी त्याच्या दारात होती, किल्ली ठेवून निघाले.

१० जानेवारी, शुक्रवार

प्लग नवे टाकले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. आनंदाने गल्लीत चक्कर मारली. "एकदम मख्खन!" गल्लीत तर ती आधीही मख्खनच होती.

मी विचारलं, हवेचा फिल्टर? म्हणाला, "तो भाऊंनीच मागच्या महिन्यात नवा टाकलाय. त्याचं टेन्शन नाही."

मयुरीचा फोन. "झाली का गाडी?" म्हटलं, होतेय. "घाई नको करू, मम्मी." गुणाची पोर. तिला माझीच काळजी.

१२ जानेवारी, रविवार

यांना न सांगता एकटीच कामरेजपर्यंत जाऊन आले. भाजीला जाते म्हणाले. भाजी आणलीही, उंधियूची पापडी, वराछाच्या बाजारातून.

प्लग बदलून काडीचा फरक नाही. पण आज शांतपणे बघितलं. बाजूला कुणी बोलणारं नसलं की किती दिसतं! हळूहळू पाय दाबत गेले तर नव्वदपर्यंतही जाते. एकदम दाबला की अडखळते. चौथ्या गिअरला होतं, तिसऱ्यालाही होतं, फक्त गाडी जोरात ओढायला लागली पाहिजे. म्हणजे गिअरचा संबंध नाही. टाकी भरलेली होती, म्हणजे टाकी रिकामी म्हणून नाही. आणि पाय? पाय मी मुद्दाम निरखून पाहिला. दगडासारखा स्थिर होता. उगीच नाही, कारखान्यात आठ-आठ तास उभी राहून कापड तपासते मी!

थोडं मागितलं तर देते, भरपूर मागितलं की अडते. एवढं कळलं. काय अडतं ते कळेना.

यांना हे सांगितलं. "इंजिनिअर झाली वाटतं! आता गळ्यात पाटी घालून मिरवा!" असलं काहीतरी. शेजारची चंचलभाभी दारात होती, तिच्यादेखत. बोलतात तसे. तोंडाने फटकळ, मनात काही नसतं.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. सगळी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर, "काय पो छे!"ने कान किटले. मी खाली धुणं धूत होते. बादली भरता भरेना. नळ पूर्ण सोडला तरी धार करंगळीएवढी.

नळाला यांनी कापड बांधलंय. आमच्या घरात नळाला कापड, कूलरला कापड, टेबलफॅनच्या मागे कापड. लूमवर जन्म गेला, हवेत सारखा कापसाचा आणि धाग्याचा फुफाटा. दिसलं भोक की बांध फडकं! लूमच्या मोटरींनाही हे असंच बांधतात आणि मोटरी टिकतात, खोटं कशाला बोलू.

फडकं सोडलं. गाळाने काळं झालेलं. नळ थोडा सोडला की त्यातून येतं पाणी. पूर्ण सोडला की अडतं.

हातातलं धुणं तसंच राहिलं. थोडं मागितलं तर देते, भरपूर मागितलं की अडते! पेट्रोल पाहिलं, ठिणगी पाहिली. हवा कुणी पाहिलीच नाही — का, तर फिल्टर भाऊंनी नवा टाकलाय!

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरच्या डब्याला चारच क्लिपा असतात, नखाने उघडल्या. वर नवा कोरा फिल्टर. तो उचलला. खाली, हवा आत येते त्या बाजूला, दुहेरी घडीचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं बिनधुतलं कापड, कडांनी नीट दाबून बसवलेलं! यांच्याच कारखान्याचं. धुळीने आणि रुईने इतकं भरलेलं की हातात घेतल्यावर पापडासारखं ताठ.

यांच्यापुढे नेऊन धरलं. पाहिलं. म्हणाले, "मग? रुई आत जाऊ नये म्हनून टाकनं मी. इंजिननं भलं व्हवो म्हनून!"

म्हटलं, आणि माझा पाय?

"ते वेगळं," म्हणाले, आणि चहा मागितला.

एक शब्द नाही! एवढे दिवस गल्लीभर माझा पाय थरथरवला या माणसाने. चुकलं म्हणायला काय जात होतं? डोळ्यांत पाणी आलं. चहा मात्र ठेवला.

१७ जानेवारी, शुक्रवार

कापड काढून आज कामरेजच्या पुढे नेली. ऐंशी. पाय दाबला. गेली! नव्वद, पंचाण्णव, ट्रक मागे, दुसरा ट्रक मागे. मी एकटी गाडीत मोठमोठ्याने हसत होते. कुणी पाहिलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं.

पाय माझा ठीक होता. पहिल्या दिवसापासून ठीक होता.

परतताना डिंक आणि खारीक घेतली. रविवारी मयुरीला आणायचं. वत्सलाबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "मग काय, खुशाल या."

१८ जानेवारी, शनिवार

मयुरीला फोन लावला. सगळं रंगवून सांगितलं — नळ, फडकं, यांचा चेहरा. वाटलं, पोटभर हसेल. हसली नाही. म्हटलं, उद्या दहापर्यंत येते, बॅग भरून ठेव.

तिने खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "मम्मी, गाडी एवढ्यात नीट नाही झाली तर बरं, असं वाटत होतं मला."

काय गं? तिथे काही त्रास आहे का? सासू बोलते?

"इथे कुणी कुणाला टाकून बोलत नाही, मम्मी. पप्पा तुला दिवसभर जे बोलतात ना, ते ऐकत मोठी झाले मी. तू हसून सोडतेस. मला नाही येत हसायला. ह्या दिवसांत तर मुळीच नाही. माझ्या बाळाच्या कानावर पहिल्यांदा ते नको पडायला."

मी म्हटलं, मनात काही नसतं गं त्यांच्या.

"तुझ्या मनात काय असतं?"

फोन ठेवल्यावर त्या रंगवलेल्या खोलीत जाऊन दुपट्यांच्या घड्या पुन्हा घातल्या. माझ्या मनात काय असतं ते, खरं सांगायचं तर, मलाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

डिंकाचे लाडू, दुपटी, माझ्या चार साड्या डिकीत भरल्या. कारखान्यात मोठी रजा सांगितली. वत्सलाबाईंना विचारलं, बाळंतपण तुमच्याकडे, पण मी राहायला येऊ का? लेकीच्या घरी आई राहते का, लोक काय म्हणतील, सगळं माझ्याच तोंडून निघालं. त्या म्हणाल्या, "ताई, कधी निघताय तेवढं सांगा."

हे दारात उभे होते. "परत कधी येशील?"

म्हटलं, माहीत नाही.