थ्रॉस्टल टेकडीची परवानगी

१४ मार्च, गुरुवार

कुलूप! थ्रॉस्टल टेकडीच्या फाटकाला चक्क कुलूप! वर पाटी — खासगी जागा, प्रवेश बंद. बावीस वर्षं दर गुरुवारी आम्ही बहीणभाऊ तिथून वर जातोय, पाऊस असो नाहीतर जास्त पाऊस असो. आणि मी काय केलं? फाटकाला म्हणाले, "सॉरी." फाटकाला!

आमचे बंधुराज क्लेमंट काठी आपटत राहिले. "कोण हा टिकोजीराव?" टिकोजीराव म्हणजे मिस्टर पेल, लंडनहून आलेले. हिवाळ्यात त्यांनी टेकडी विकत घेतली. बूट अजून कोरे करकरीत आहेत.

घरी येऊन चहा केला. ताजे भाजलेले गोड स्कोन कुणी खाल्ले नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर.

१५ मार्च

बंधुराजांनी सकाळपासून टेबलावर नकाशा पसरलाय. "दोनशे एक्केचाळीस मीटर उंच, हेस्टर! वरून सात परगणे दिसतात." मला चारच दिसतात, तेही धुकं नसेल तर. उरलेले तीन यांच्या मनातले. चहा ठेवायला वाकले तर नकाशा उलटा! मी पोट धरून हसले. क्लेमंट हसला नाही.

२१ मार्च, गुरुवार

पलीकडच्या गावच्या टेकडीवर गेलो. कुठेतरी जायलाच हवं ना. क्लेमंट तीनदा अडखळला, एकदा तर चिखलात बसलाच. मी म्हटलं, "बूड थंड झालं असेल तर उठा आता." मग वर बोट दाखवून म्हणाला, "ती घार बघ." घार कसली? झाडात अडकलेली प्लास्टिकची पिशवी. चिडवायला तोंड उघडलं, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"मधलं दिसत नाही गं. कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच सांगितलं."

ऑगस्ट! एका घरात राहतो आम्ही, आणि सात महिने मला पत्ता नाही. मी खूप बोलले. मग रडले. तो म्हणाला, "थ्रॉस्टलवर माझ्या पायांना सगळं पाठ आहे. आता ती एकच वाट उरलीय मला." चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, चिखलाने बरबटलेला, आणि हे असं बोलतो.

कुलूप उघडलंच पाहिजे. बस्स.

२ एप्रिल

कुलपाबद्दल कळवलं होतं, म्हणून कौन्सिलच्या मिसेस ओकेल येऊन गेल्या. बाई हुशार आहे, दोन स्कोन खाल्ले. खालच्या शेतातली वाट सरकारी नकाशावर आहे, पण कुंपणापासून वरची नाही. ती नकाशावर आणायची तर एकच उपाय — लोक तिथून सलग वीस वर्षं चाललेले असले पाहिजेत. लपूनछपून नाही, कुणी अडवलं नसताना, आणि मालकाची परवानगी न मागता. मग मालक कुणीही असो, वाट सगळ्यांची.

गावात वीस वर्षं कोण चाललंय? निम्मे लोक नवे, बाकीच्यांना चिखल सोसत नाही. उरलो आम्ही दोघंच.

"पुरावा आहे काही?"

"माझ्या रोजनिशा आहेत की! दर गुरुवारची नोंद."

बंधुराजांचा चेहरा असा उजळला! "हेस्टर, तुझ्या खरडण्याला आजवर जे काही बोललो, ते सगळं मागे घेतो." लिहून ठेवते: मागे घेतलं. साक्षीदार मिसेस ओकेल.

८ एप्रिल

माळ्यावरून वह्या काढल्या. काय काय लिहून ठेवलंय मी! 'क्लेमंटने नवी टोपी घातली, मेंढ्या पळाल्या.' 'क्लेमंटने जवळची वाट दाखवली, तीन तास जास्त चाललो.' हे मिसेस ओकेल वाचणार. वाचू देत.

पण २००२ची वही उघडली आणि पहिल्याच पानावर अडकले. १० जानेवारी. अगदी पहिला दिवस. 'कुंपणापाशी शेतकरी ट्रँटर भेटला. म्हटलं, आम्ही वर गेलो तर चालेल ना? खुशाल जा म्हणाला. भला माणूस.' आणि पुढे दर डिसेंबरात — 'ट्रँटरला केक दिला. वर जाऊ देतो म्हणून आभार मानले.' म्हातारा वारला तोवर असे एकोणीस डिसेंबर झाले. एकोणीस केक! तेही ब्रँडी घातलेले!

परवानगी. मीच मागितली, तीही वर्षानुवर्षं, केकसकट. कुणी सांगितलं होतं विचारायला? पण कुणाच्या फाटकातून न विचारता कसं जायचं, हे आईने शिकवलंच नाही कधी.

९ एप्रिल

क्लेमंटला वाचून दाखवलं. त्याने वही हातात घेऊन चाचपली. मग म्हणाला, "ती पानं फाड."

"नाही फाडणार."

"मग मूग गिळून बस. ट्रँटर काही थडग्यातून उठून साक्ष द्यायला येत नाही."

"आणि त्यांनी सरळ विचारलं तर?"

"तर सरळ नाही म्हण! सत्तरीला आलीस, एक खोटं बोलता येत नाही तुला?"

येत नाही. येतं तर बरं झालं असतं.

९ मे

मिसेस ओकेलनी सरळ विचारलं. "कधी परवानगी मागितली होती का?" क्लेमंटने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. दिसत नाही म्हणे, पण नेम बरोबर बसला.

मी "हो" म्हटलं. केकसुद्धा सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अरेरे," म्हणाल्या. "बघते काय होतं ते. पण आशा धरू नका." माझ्याच हाताने मी त्याच्या पायाखालची वाट काढून घेतली.

१२ मे

बंधुराज माझ्याशी बोलत नाहीत. जेवताना रेडिओला सांगतात, "कुणीतरी मीठ द्या." मी मीठ रेडिओसमोर ठेवते.

१६ मे, गुरुवार

आज फिरायला गेलो नाही. दुपारी क्लेमंट स्वयंपाकघरात आला आणि खुर्ची चाचपून बसला. "खोटं बोलली असतीस, तर दर गुरुवारी वर जाताना तुझा तो सुतकी चेहरा सोबत असता. तेवढा मला कडेनेही दिसतो." मग म्हणाला, "पण मी रविवारपर्यंत रागावलेलाच आहे." म्हटलं, "चालेल." त्याला चहा दिला.

२० जून

कुलूप तसंच. क्लेमंट बागेत फेऱ्या मारतो, बटाट्यांपासून दारापर्यंत. अठरा पावलं. बघवत नाही मला.

५ सप्टेंबर

आता दारापर्यंत जातानाही तो भिंतीला हात लावतो. मी पाहिलं नाही असं दाखवते. त्यालाही ते कळतं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

मिसेस ओकेलचं पत्र आलं. त्यांनी जुनी कागदपत्रं काढून पाहिली. टेकडी ट्रँटरची कधी नव्हतीच! त्याची जमीन कुंपणापर्यंत, तिथे संपली. वरचं सगळं केंटमधल्या एका बाईंचं होतं, आणि त्या जन्मात इकडे फिरकल्या नाहीत. पेलने टेकडी त्यांच्याचकडून घेतली. ट्रँटरची मेंढरंही वर चरायची ती आमच्यासारखी, कसलाही हक्क नसताना. तेव्हा त्याने दिलेली परवानगी ही परवानगीच नव्हे. कुलूप निघालं, वाट नकाशावर येणार! आणि मेल्याने दर वर्षी माझ्याकडून आभार मानून घेतले, तेही टोपी काढून!

क्लेमंटला पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, तर हा दारात, बूट घालून उभा.