न शिवलेलं सातवं प्रकरण

ता. ९, मंगळवार

बोक्या,

आशीर्वाद. आम्ही दोघी बऱ्या आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी लेक कुरकुरत नाही. तिचा पुढचा दात पडला.

तुझ्या कादंबरीचं बाड पोचलं. सुटे कागद मला बघवत नाहीत, बाइंडिंगखान्यात जन्म गेला. कडेला दाभणाने भोकं पाडून शिवलं, पुठ्ठा चढवला, मग दोघी वाचायला बसलो. माझी शाळा दुसरीपर्यंत. मी बोट ठेवून वाचते. ती भराभर वाचते आणि वर विचारते, "पणजी, दमलीस का?" अगाऊ आहे. तुझ्यावर गेलीय.

उडते घोडे, बोलणारे डोंगर, सगळं झकास. राजपुत्र भित्रा, तेही झकास. नावाडणीवर जीव जडला तेव्हा कुठे गडी पोहायला शिकला, तिथे मला हसू आलं. तूही नातसून घरात आल्यावरच स्वतःची कपबशी विसळायला लागलास.

सातवं प्रकरण मात्र मी शिवलं नाही. त्यात नावाडीण राजपुत्राच्या मांडीवर डोकं ठेवून मरते आणि हा उठतो तो थेट शूर होऊन. लेकीच्या हाती पडायला नको म्हणून कपाटात टाकलं. पण ती काय ऐकते! आठवं सुरू करताच म्हणाली, "हा एकदम शूर कसा झाला? मधली पानं कुठायत?"

म्हटलं, "शिवायची राहिली."

बोक्या, मांडी माझी होती. तू औषध आणायला म्हणून गेलास तो तिसऱ्या दिवशी उगवलास. घाबरलास. घाबरतो माणूस, मी तेव्हाही तुला बोलले नाही. नातसून झोपेतच गेली असं तुला सांगितलं. खोटं होतं ते. तू कुठे आहेस, असं तिने दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हटलं, येतोय. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिला दिसेनासं झालं होतं. म्हटलं, हा काय, पायाशी बसलाय.

तर तिने पाय आखडून घेतले. तुला जागा व्हावी म्हणून.

दोन वर्षं हे गिळून बसले. वाटलं, लेकीला माझ्याकडे ठेवून गेलायस तो परत येशील, मग कशाला सांगा. तू आला नाहीस, पुस्तक पाठवलंस.

बायको मेली म्हणून कोणी मोठं होत नाही रे. तिने जागा केली तिथे येऊन बसलास तर होशील. सातवं प्रकरण सोबत परत पाठवतेय. पुन्हा लिही. राजपुत्र पोचलाच नाही, असं लिही. मग त्याने काय केलं, ते मला वाचायचंय.

पहिल्या तारखेपासून लेकीची नवी शाळा. फॉर्मवर बापाच्या सहीची जागा आहे. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हीच करून टाका." मी केली नाही.

महिनाअखेरपर्यंत वाट बघणारी, आणि मग आपलीच सही ठोकून मोकळी होणारी,

तुझी आजी