आत्याबाईंबरोबर समुद्रावर

१० मे १९६४, जळगाव जामोद

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागली आणि आत्याबाईंनी — माझ्या सासूबाईंनी — बोचकं बांधलं! कोकणात हर्णैला त्यांचा भाचा महादेवराव रस्त्यांच्या कामावर असतो, त्याच्याकडे राहायला जायचं म्हणे. आमचे हे वारल्यापासून आत्याबाई गावाबाहेर पडल्या नव्हत्या. एकदम काऊन, म्हणून विचारलं. म्हणाल्या, समुद्र पाहाचा हाय.

१३ मे, हर्णै

नांदुऱ्याहून रेल्वे, मुंबईहून बोट. मी सारी वाट ओकले. आत्याबाई ठणठणीत!

१४ मे

समुद्रावर गेलो. आत्याबाईंनी आधी हात जोडले, मग लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात जाऊन बसल्या. लाट आली, आडव्या झाल्या. मी धावले — तर हसत होत्या! पोरगा गेल्यापासून त्यांचं हसणं ऐकलंच नव्हतं. मीही बसले शेजारी. दोघींच्या केसांत वाळूच वाळू.

१७ मे

महादेवरावांचे सोबती वामनराव जेवायला आले. आपल्या धामणगाव बढ्याचे, नोकरीसाठी इकडे. बायको वारली, मूल नाही. इथल्या भाताला कंटाळलेत. आत्याबाईंनी घरून आणलेल्या पिठाच्या भाकरी घातल्या. बोलतात कमी. पण आपल्याकडची बोली कानावर पडली, बरं वाटलं.

१९ मे

वामनरावांबरोबर डोंगर चढलो. आत्याबाई अर्ध्या वाटेत करवंदाच्या जाळीपाशी बसल्या, आम्हा दोघांना पुढे व्हा म्हणाल्या. वर नुसता वारा. मागे डोंगरच डोंगर, पुढे समुद्र. वामनराव बराच वेळ टोपी हातात फिरवत होते. मग म्हणाले, "तुमच्या सासूनं मले तुमच्यासाठी विचारलं. तुमाले माहीत हाय का?"

माहीत नव्हतं. तशीच उतरले.

२० मे

सकाळी आत्याबाईंना वाळूत गाठलं. मी जड झाले का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या,

"मी मेल्यावर, आशा, तू कोनाशी बोलशीन?"

खूप रडलो दोघी. मग तोंडं धुऊन घरी आलो.

२३ मे

वामनरावांनी होडीतून समुद्रातल्या किल्ल्यापर्यंत नेलं. मी वल्हं धरलं तर होडी गोलगोल फिरायला लागली! आत्याबाई होडीवाल्यावरच ओरडल्या. वामनरावांनी उत्तर मागितलं नाही. ते आवडलं.

७ जून, जळगाव जामोद

वामनराव रजेवर आलेत, आज घरी आले. मी हो म्हटलं — पण आत्याबाई सोबत येतील तरच. आत्याबाई म्हणाल्या, सासूसकट नवरीले कोनी नेत नाही.

वामनराव म्हणाले, "मी नेतो."